विहीर कोनाची

हे लिहिनारच नव्हतो, इतकी लाज वाटून राह्यली.

जुन्या वास्तूंच्या नोंदीत आमच्या वस्त्याही याव्या म्हनून मले शिकाऊ घेतलं. आज सकाळी माझ्याच गावात, तामसीत, नोंदीच्या साहेबानं विचारलं, "ही विहीर कोनाची?"

आमच्याच मानसांनी खोदलेली. पन संगच्या पोरांसमोर जात कळंल म्हनून मी म्हनलो, "कोनाचीच नाई."

संध्याकाळी दोस्त भिवाजीसंगं विहिरीवर गेलो. लहानपनी करायचो तसा तो वाकून ओरडला, "भिवाजी!"

विहीर म्हनली, "भिवाजी..."

मी माझं नाव ओरडलो, "सुगत!"

खालून माझ्याच आवाजात आलं, "कोनाचाच नाई."

भिवाजी मागं सरकला. "काऊन बे, काय म्हनला तू साहेबाले?"

"उद्या सांगतो त्याले, भिवाजी. आपली हाय म्हनून. तुझी शपथ."