उतरलेला खांदा

नवरा दवाखान्यातून घरी आल्यापासून सुनेचा एकच धोशा होता, "आई, हा माणूस आपला नव्हे."

"नऊ महिने मी वागवलाय त्याला. तू कालची आलेली, मला शिकवतेस?" शिंपीणबाई फणकारायच्या. पण पोरगी जेवेना की झोपेना. शेवटी तिचं तोंड बंद करायला त्यांनी लेकाला नवा शर्ट शिवला. त्याचा उजवा खांदा जन्मापासून उतरलेला, म्हणून त्या बाजूला आतून कापसाची गादी घालायची त्यांची रीत होती.

भर दुपारी दुकानातल्या आरशापुढे, सुनेच्या देखत, त्यांनी शर्ट त्याच्या अंगात चढवला. उजवीकडे कापड कुबडासारखं वर आलं. उतरलेला होता तो डावा खांदा.

"कापताना चुकलीस का गं आई?" तो हसला.

उभ्या जन्मात कात्री न चुकलेल्या बाईंनी आरशात पाहिलं. तिथे शर्ट चापूनचोपून बसला होता. पण तिथला लेक हसत नव्हता. काचेला दोन्ही तळवे टेकून तो रडत होता, आणि त्याचे ओठ "आई, आई" म्हणत होते.

बाईंनी चाचपडत सुनेचा हात घट्ट धरला. शेजारचा अजून हसतच होता.