खिळ्यावरचं चक्र

"उस्ताद, काय जादू केलीत हो!" पोस्टमन इंजिन बंद व्हायच्या आतच ओरडला. "आज दोघं बसून डोंगरापलीकडच्या दवाखान्यात जाऊन आलो. सगळा चढ दुसऱ्या गिअरवर! हिला एकदाही उतरून चालावं लागलं नाही." थंडी सुरू होताना हाच माणूस रडकुंडीला येऊन म्हणाला होता, बायकोला मागे घेतलं की ही एवढीशी डर्ट बाईक चढावर मान टाकते, काहीही करा, ताकद वाढवा. सायलेन्सर साफ केला, कार्ब्युरेटरचा जेट बदलला, फरक शून्य. मग म्हटलं, मागचं दातेरी चक्र मोठं टाकू. वेग मरेल, पण चढावर ओढेल. चक्र यायलाच हिवाळा सरला, आणि आलं तर मेल्याची भोकंच जुळेनात. गेल्या आठवड्यात गाडी जशीच्या तशी त्याच्या दारात नेऊन लावली. तो टपाल वाटायला गेलेला, म्हणून काम झालं नसल्याचं दाराबाहेरूनच त्याच्या बायकोला सांगितलं. आतून नुसतं "बरं" आलं. ते चक्र अजून माझ्या डोक्यावर खिळ्याला लटकत होतं. "अहो, पण मी तर..." मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची बायको मागच्या सीटवरून उतरली. माणूस उतरला की गाडीची मागची बाजू उसळून वर येते. आज ती उतरली तरी गाडी तसूभरही वर आली नाही. तिने पदर सावरला तशा बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरल्या. तिने खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नवऱ्याच्या पाठीआडून डोळ्यांनीच नको म्हणाली. "गुण आहे उस्तादांच्या हाताला," ती त्याला म्हणाली. "पुढच्या खेपेला आणखी पळेल बघा."