दंडावरची लाल फीत

मसाल्याच्या कारखान्यात मालनची अकरा वर्षं गेली, पण सुरक्षेवर लक्ष ठेवणारीची लाल फीत चढली ती काल आलेल्या वैजयंताच्या दंडावर. तेव्हापासून मालन मिरच्या कमी निवडायची आणि वैजयंताच्या चुकाच जास्त शोधायची.

"पदर खोचा गं बायांनो, पट्टा कुणाला ओळखत नाही," वैजयंता रोज कांडप यंत्राजवळ बजावायची.

"आली मोठी शहाणी!" मालन पुटपुटायची.

मंगळवारी सांडलेलं तिखट झाडायला वैजयंता वाकली आणि तिचाच पदर सुटला. मालनला मनातून उकळ्या फुटल्या. सापडली एकदाची! पण फिरत्या पट्ट्याने पदराचं टोक ओढलं. मालनने धावत जाऊन बंद करायच्या बटणावर मूठ आपटली. यंत्र थांबलं. पदर फाटला, वैजयंता वाचली.

"कुणाला लागलं नाही ना? मग नोंदवहीत कशाला लिहायचं?" मुकादम म्हणाले.

मालन गालात हसली. आता ही झाकणार, आणि उद्या आपण फीत मागणार.

वैजयंताने थरथरत्या हाताने नोंदवही ओढली. लिहून झाल्यावर ती मालनपुढे सरकवत म्हणाली, "साक्षीदार म्हणून सही करा, ताई. तुमच्याइतकं माझ्याकडे दुसऱ्या कुणाचंच लक्ष नसतं."

मालनने वाचलं. 'पदर खोचलेला नव्हता. चूक माझी. मालनताईंनी यंत्र बंद केलं म्हणून वाचले.'

चूक शोधायला तिने पुन्हा वाचलं. मग मुकाट्याने सही केली.

हात एवढा थरथरत होता, तरी अक्षर मेलीचं सुरेखच!