दुसरा ‘इज’

“लिही,” साहेब म्हणाला, आणि इनायतुल्ला मुन्शीने टाक दौतीत बुडवला.

अमेरिकेत लढाई पेटून तिकडचा कापूस बंद झाल्यापासून मुंबईचा कापसाचा भाव दर टपालाला चढत होता. ते टपाल अकोल्याला इंग्रज साहेबाच्या वखारीत येई आणि भाव वखारीतच राही. शेतकऱ्यांना कळायच्या आत साहेब त्यांच्या गाड्या जुन्या भावात रिकाम्या करून घेई. काल मात्र कोणीतरी भाव फोडला आणि गाडीवाले अडून बसले. साहेबाने मापाडी नत्थुजीला चोर ठरवून दारात उभं केलं. आज सकाळचं टपाल वाचून झाल्यावर मुन्शीला राहवलं नाही. नत्थुजीला इंग्रजी ओ की ठो कळत नाही, टपाल मी वाचतो, सांगणाराही मीच, असं त्याने सांगून टाकलं. नोकरी तिथेच गेली.

आता कबुली लिहून मुंबईच्या कचेरीला पाठवायची होती. साहेब बोलला ते वाक्य असं: इट इज आय हू इज टु ब्लेम. म्हणजे दोष आहे तो माझाच.

मुन्शीने लिहिलं. साहेबाने वाचलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या ‘इज’च्या जागी ‘ॲम’ होतं.

‘हू’च्या नंतर ‘इज’च येतं, असं साहेबाने बजावलं. मुन्शी ऐकेना. नागपूरच्या पाद्र्याने छड्या मारून शिकवलेलं व्याकरण ते, असं सुटणार थोडंच. ‘इज’ त्याचं, ‘ॲम’ माझं, आणि या वाक्यातला ‘हू’ म्हणजे मीच, असं त्याने शांतपणे समजावलं. ‘इज’ लिहिलं की गुन्हा भलत्याच कुणाचा तरी वाटू लागतो, हे त्याला मनातून खटकत होतं. कालपासून नत्थुजीचं तेच तर झालं होतं.

साहेब लाल झाला. त्याने मेजावरची एक चिठ्ठी उचलून दाखवली. मुन्शीच्या चांगल्या चालचलणुकीची होती ती. तिच्याशिवाय वऱ्हाडातली कुठलीच वखार त्याला दारात उभं करणार नव्हती. ‘इज’ लिही आणि ही घेऊन जा, साहेब म्हणाला. माझ्या आईची भाषा तू मला शिकवणार?

घरी बायकोला, कुलसुमबीला, काय सांगायचं ते मुन्शीला सुचेना. पण हात काही ‘ॲम’ खोडायला पुढे होईना.

“भाषा तुमची आहे, साहेब,” तो म्हणाला. “दोष माझा आहे.”

साहेबाने चिठ्ठी फाडली.

मुन्शी वखारीबाहेर पडला, नत्थुजी मागोमाग आला. त्याचे डोळे भरले होते. “एका शब्दापायी चिठ्ठी घालवली जी, मुन्शीजी. काहून?”

समोर बार्शीटाकळीहून आलेल्या कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. आजचं टपालही सकाळी मुन्शीनेच वाचलं होतं. तो पहिल्या गाडीवर चढला आणि मोठ्याने आजचा भाव सांगू लागला. वखारीची खिडकी उघडली, साहेब तिच्यात येऊन उभा राहिला.

मागच्या गाड्यांवरून कोणीतरी विचारलं, “भाव कोन सांगून राहिला?”

मुन्शीने खिडकीकडे तोंड केलं.

“मी सांगून राहिलो.”