अडुसष्ट किलो

"माझ्या नावेत एक ग्रॅमही फुकटचा नाही. वाऱ्याने आता निवृत्त व्हावं!" असं रचनाकाराने जाहीर केलं, आणि दोन होड्या जोडून बांधलेली त्याची शर्यतीची कॅटामरान पाण्यात उतरताच डावीकडे कलली. अशी नाव उद्या पहिल्याच वळणावर उलटणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

मग डाव्या होडीचा रंग खरवडला, जादा दोर काढले, सुकाणूवाल्याच्या टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापला. तरी क्रेनला टांगून तोलली, की नाव अडुसष्ट किलो जास्तच भरायची.

"अडुसष्ट?" धक्क्यावरून त्याची वहिनी म्हणाली. "भावोजी, हे वजन माझ्या ओळखीचं आहे."

रचनाकाराचा थोरला भाऊ गेल्या वर्षीच्या शर्यतीत बुडाला, तो सापडलाच नाही. डाव्या होडीच्या अगदी टोकाला जाऊन बसायची त्याची खोड जिवंतपणी कोणालाच मोडता आली नव्हती.

नाव पुन्हा पाण्यात सोडली. पुन्हा कलली. वहिनी पदर सावरून धक्क्याच्या कडेला वाकली आणि त्या रिकाम्या टोकाकडे बघत हळूच म्हणाली,



"अहो, उद्याच्या दिवस तरी जरा मध्ये सरकून बसा ना."