जिवंत माणसाचं शोकपत्र

पुलाचं सिमेंट नगराध्यक्षांनी खाल्लं, असं छापणाऱ्या पत्रकार यामिलेचा खटला वकील एलादियोंनी घेतला आणि आठवड्यातच त्यांच्या नावाचं शोकपत्र दाराखालून आत आलं. आमच्या पुएर्तो सेरेनोत मेलेल्याच्या घरी असं पत्र देतात, त्याच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना व्हावी म्हणून. जिवंत माणसाला आलं, तर त्याने काय ते समजावं.

एलादियोंची ऐट अशी, की त्यांनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलं. "शाळेत कधी बक्षीस मिळालं नाही, हे पहिलंच!" असं ते येईल त्याला ऐकवायचे.

त्यांच्या सासूबाईंना मात्र चैन पडेना. "जावईबापू, पत्र आलं आणि प्रार्थना झाली नाही, तर अपशकुन होतो. मी सांगून आलेय फादरना."

रविवारी नव्या फादरनी यादी वाचली, "दिवंगत एलादियो यांच्या आत्म्याला शांती लाभो." शेवटच्या बाकावरून सवयीने सगळ्यात मोठ्यांदा "आमेन" म्हणाले, ते एलादियोच.

अख्खं चर्च मागे वळून हसत सुटलं.



पहिल्या बाकावरचे नगराध्यक्ष तेवढे वळले नाहीत. ते डोळे मिटून मनोभावे प्रार्थना करत होते.