दगडमातीची सवत

नदीवरच्या दगडमातीच्या बंधाऱ्याला प्रयागबाई चाळीस वर्षं सवत म्हणत आली. त्याचा एक दगड निसटला, की तिचा नवरा हौशीराम पुढ्यातलं ताट सारून तो बसवायला पळायचा.

“माझी कंबर धरली तर कधी इचारलं न्हाई. तिचा खडा हालला की लगीच कळतंय तुमास्नी!”

यंदा जुना बंधारा काढून सिमेंटचा बांधला. लोखंडी दार बसलं, पाटाला आपसूक पाणी आलं. प्रयागबाईनं आळीत पेढे वाटले. सवत गेली, धनी घरी आला.

धनी ओट्यावर बसला तो बसलाच. ना बोलणं, ना धड जेवण. नजर मात्र नदीकडं.

आठव्या दिवशी ती शेतातून धापा टाकत आली. “अवं, पाट फुटलाय! समदं पाणी वाया चाललंय.”

हौशीरामानं ताट सारलं, फावडं खांद्यावर टाकलं, अन् कितीक दिवसांनी गुणगुणत निघाला.

“मला बघून कधी एवढं गाणं सुचलं न्हाई,” ती त्याच्या पाठीला ऐकवत राहिली, अन् कोपरापर्यंत चिखलानं माखलेले हात तिनं पदराआड लपवले.